अ‍ॅक्युपंक्चरच्या रेषा: शरीरात आहेत की नकाशात?

पाणवठा | सोमवार, रात्री ९.४०

आईच्या गुडघ्यांपायी हा धागा काढतेय. तिचं वय ७१, दोन्ही गुडघ्यांची झीज झालीय. हाडांच्या डॉक्टरांनी व्यायाम करायला आणि वजन उतरवायला सांगितलंय, शस्त्रक्रियेची घाई नको म्हणाले. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून ती अ‍ॅक्युपंक्चरला जाऊ लागली. तिथल्या भिंतीवर तो ओळखीचा तक्ता आहे: उघडा माणूस, अंगभर रंगीत रेषा आणि रेषांवर ठिपके. आईने विचारलं, या नसा का हो? उत्तर मिळालं, "नाही आजी, ही ऊर्जा आहे, ती दिसत नाही." पुढच्या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना तेच विचारलं, तर ते म्हणाले, "अशी रेषा कुठल्याच शरीरात नसते." घरी आल्यावर आईने मला विचारलं, या दोघांतलं खोटं कोण बोलतंय?

मी चिनीतून भाषांतरं करते, बहुतेक यंत्रांच्या माहितीपत्रकांची. वैद्यक हा माझा विषय नाही. पण आईचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून गेले चार महिने जुने ग्रंथ मुळातून वाचतेय. माझं मत आधीच सांगते: तक्त्यावरच्या रेषा ही एक गोष्ट आणि सुईने मिळणारा आराम ही दुसरी. आपण दोन्हींची मोट बांधतो आणि मग दोन्हीकडची माणसं विनाकारण भांडत बसतात.

तक्त्यावरच्या या रेषांना 'मेरिडियन' म्हणतात. हा शब्द चिनी नाही. जॉर्ज सुलिए द मोराँ नावाचा फ्रेंच गृहस्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमध्ये होता. मायदेशी परतल्यावर त्याने युरोपात अ‍ॅक्युपंक्चर रुजवलं, १९३९ मध्ये त्यावर ग्रंथ काढला. या वाहिन्यांच्या 'चिंग' या चिनी नावासाठी त्याने 'मेरिडियन' घेतला आणि त्यांतून जे वाहतं असं मानतात त्या 'छी'साठी 'एनर्जी'. शाळेत भूगोलात आपण मेरिडियनला रेखावृत्त म्हणायचो. रेखावृत्त सापडावं म्हणून कोणी जमीन खणत नाही, आणि तरी त्याच्या आधारावर जहाजं बंदराला लागतात.

मूळ ग्रंथांत 'चिंग'च्याही आधीचा शब्द आहे 'माय'. (उच्चार आपल्या मायसारखाच.) या अक्षराच्या डाव्या बाजूला मांसाची खूण आणि उजवीकडे फाटे फुटलेला पाण्याचा प्रवाह. अर्थ दोन: रक्त ज्यातून वाहतं ती वाट, आणि मनगटावर बोटांना लागते ती नाडी. आपल्या 'नाडी'चंही असंच नाही का? नळी तीही नाडी आणि वैद्य बघतात तीही नाडी. म्हणजे मुळात हा शब्द कुठल्या अदृश्य ऊर्जेचा नव्हता. डोळ्यांना दिसणाऱ्या, बोटांना लागणाऱ्या गोष्टीचाच होता.

१९७३ मध्ये हूनान प्रांतात छांगशा शहराजवळ मावांगत्वेई इथे एक थडगं उघडलं गेलं. ते इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेलं. आत रेशमावर लिहिलेले ग्रंथ निघाले आणि त्यांत या 'माय'वरची दोन प्रकरणं होती. ती वाचून मी अवाक झाले. तिथे वाहिन्या आहेत ११, आजच्यासारख्या १२ नाहीत. एकमेकींना जोडलेल्या नाहीत, त्यामुळे फिरणारं चक्र नाही. ठिपके म्हणजे बिंदूही नाहीत. आणि सुईचा उल्लेखच नाही! उपचार एकच, वाहिनीवर डाग देणे. दवण्याच्या कुळातल्या एका झुडपाच्या वाळक्या पानांचा चोथा जाळून तो देतात, आज त्याला मोक्सा म्हणतात.

'ह्वांग्दी नेइचिंग' हा मोठा ग्रंथ त्यानंतरच्या शतक-दोन शतकांत आकाराला आला. त्याच्या 'लिंगशू' भागात १२ वाहिन्यांचा पुरा पट येतो: फुप्फुस, मोठं आतडं, जठर, प्लीहा, हृदय, लहान आतडं, मूत्राशय, मूत्रपिंड, हृदयावरण, सानच्याओ (चिनी वैद्यकात मानलेला एक अवयव, त्याविषयी पुढे), पित्ताशय, यकृत. एकीचं टोक दुसरीला जोडलेलं, प्रवाह अखंड. मला सगळ्यात भावलं ते बारावं प्रकरण. त्यात बारा वाहिन्यांची सांगड चीनमधल्या बारा नद्यांशी घातलीय. हात-पायांवरच्या बिंदूंची नावंही तशीच आहेत. बोटाच्या टोकाला 'विहीर', मग 'झरा', मग 'ओढा', मग 'नदी' आणि कोपर किंवा गुडघ्यापाशी 'समुद्र'. तळपायाच्या मधल्या बिंदूचं नाव 'युंगछ्वान', म्हणजे उसळता झरा. कालवे खणणाऱ्या, पूर अडवणाऱ्या देशाने शरीराकडे बघितलं तेव्हा त्याला असं पाणी दिसलं.

त्याच प्रकरणात असंही म्हटलंय की जिवंत माणसाचं मोजमाप बाहेरून घ्यावं आणि मेल्यावर देह कापून आत बघता येतो. म्हणजे त्यांना आत काय आहे याची फिकीर नव्हती असं म्हणता येत नाही.

आता तक्त्याविषयी. आईच्या समोरच्या भिंतीवर आहे तो दोन हजार वर्षांपूर्वीचा नाही. १९३० च्या दशकात छंग दान-आन या वैद्याने अ‍ॅक्युपंक्चरची नव्याने घडी बसवली. बिंदू रक्तवाहिन्यांपासून बाजूला सरकवले, मज्जातंतूंशी जुळते केले, बारीक सुया रूढ केल्या. जुन्या ग्रंथांत तर रक्त काढणं हा सुईचा एक मुख्य उपयोग होता. त्याआधी, १८२२ मध्ये, चीनच्या छिंग राजघराण्याच्या दरबाराने राजवैद्यांच्या संस्थेतून अ‍ॅक्युपंक्चर हद्दपारच केलं होतं. परंपरा अखंड आहे असं जे सांगतात, त्यांनी हे मधलं शतक जरूर वाचावं.

तर आईला मी सांगितलं की खोटं कोणीच बोलत नाही. तिचं समाधान झालेलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

खडूफळा | सोमवार, रात्री १०.१५

फार आवडलं. विहीर ते समुद्र हे माहीतच नव्हतं. एक शंका आहे. प्रवाह अखंड म्हणजे तो किती वेगाने फिरतो, असं काही गणित दिलंय का? मी गणित शिकवतो, म्हणून विचारतोय.

---

पाणवठा | सोमवार, रात्री १०.३८

आहे, आणि नेमकं आहे. 'लिंगशू'चं पंधरावं प्रकरण. एका श्वासात छी सहा त्सुन सरकते. (त्सुन म्हणजे ज्याच्या त्याच्या अंगठ्याच्या रुंदीएवढं माप.) सगळ्या वाहिन्यांची लांबी मिळून १६२ चिनी फूट, म्हणजे १६२० त्सुन (चिनी फुटात दहा त्सुन). त्यामुळे एका फेरीला २७० श्वास. दिवसरात्रीत ५० फेऱ्या. म्हणजे १३,५०० श्वास.

---

खडूफळा | सोमवार, रात्री १०.५२

मग मिनिटाला साडेनऊपेक्षा थोडे कमीच श्वास होतात. आत्ता घड्याळ लावून माझे मोजले, चौदा भरले.

---

अस्थिमाला | मंगळवार, सकाळी ७.०५

शरीररचनाशास्त्र शिकवते. वीस वर्षं विद्यार्थ्यांबरोबर शवविच्छेदन करतेय, त्यामुळे माझी बाजू उघड आहे. धमन्या, शिरा, लसीकावाहिन्या, मज्जातंतू हे सगळं चिमट्यात धरून दाखवता येतं. तक्त्यावरच्या रेषेचं असं काहीच हाती लागत नाही. खडूफळांनी मोजलं ते महत्त्वाचं आहे. विश्रांती घेणाऱ्या प्रौढाचे श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात. १३,५०० हा आकडा माणूस मोजून आलेला नाही.

शोधायचा प्रयत्न झाला नाही असंही नाही. १९६० च्या दशकात उत्तर कोरियात किम बोंग-हान या संशोधकाने वाहिन्या प्रत्यक्ष सापडल्याचा दावा केला होता. सरकारने त्याचा मोठा गौरव केला. काही वर्षांतच तो माणूस आणि त्याची संस्था दोन्ही चर्चेतून नाहीसे झाले.

बिंदूंचं तरी एकमत असावं? जागतिक आरोग्य संघटनेने चीन, जपान आणि कोरियाचे तज्ज्ञ बसवून २००३ पासून जागा ठरवायला घेतल्या. ३६१ बिंदूंपैकी ९२ बिंदूंच्या जागा तीन देशांत वेगवेगळ्या निघाल्या. चर्चेअंती बहुतेक जुळल्या, तरी सहा बिंदूंवर दोन-दोन मतं राहिलीच. यकृत कुठे आहे यावर तीन देशांत मतभेद होत नाहीत.

पाणवठा, तुमचं लिखाण मनापासून आवडलं. पण "खोटं कोणीच बोलत नाही" हे मला पटत नाही. गुडघ्यात सुई टोचताना "ही ऊर्जा आहे" असं ठामपणे सांगणं म्हणजे रुग्णाला न तपासलेली गोष्ट तथ्य म्हणून देणं. आजींनी इतका साधा, सरळ प्रश्न विचारला होता. त्यांना सरळ उत्तर मिळायला हवं होतं.

---

गंगापूररोडकर | मंगळवार, दुपारी २.२०

मी नाशिकला अठरा वर्षं अ‍ॅक्युपंक्चर करतो. अस्थिमाला ताई, तुमचा राग समजतो. दिसत नाही म्हणून ऊर्जा म्हणून टाकायचं, हे मलाही आवडत नाही. मी रुग्णांना सांगतो की ही आमची कामाची वही आहे. कुठे टोचलं की कुठे फरक पडतो, हे पिढ्यानपिढ्या लिहून ठेवलेलं. लक्षात राहावं म्हणून ठिपके रेषेने जोडलेले.

पण हाताला जे लागतं तेही खोटं नाही. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या अंगाला त्सुसानली नावाचा बिंदू आहे. तिथे सुई आत गेली की एका खोलीवर रुग्ण म्हणतो, "आता जड वाटतंय", "आता मुंग्या खाली पावलाकडे चालल्या". चिनीत याला 'त-छी' म्हणतात, छी मिळाली. आंबल्यासारखं, बधिर, भरल्यासारखं, जड अशी त्याची चार लक्षणं सांगतात. त्याच वेळी माझ्या बोटांना सुई कोणीतरी आत धरून ठेवल्यासारखी लागते. माशाने गळ धरल्यासारखी, हे वर्णन तर जुन्या पुस्तकांतच आहे. त्या मुंग्या बऱ्याचदा तक्त्यातल्या रेषेनेच जातात. माझा अंदाज असा की आधी या मुंग्यांच्या वाटा लोकांनी अनुभवल्या आणि मग त्यांच्या रेषा काढल्या.

प्रयोगशाळेतही आता काही दिसू लागलंय. २०२१ मध्ये हार्वर्डच्या गटाने उंदरांवर दाखवलं की मागच्या पायावर त्सुसानलीच्या जागी हलका विद्युतप्रवाह दिला की व्हेगस नस जागी होते आणि दाह कमी होतो. पोटावरच्या बिंदूवर तोच प्रवाह देऊन तसं झालं नाही. म्हणजे जागेला अर्थ आहे.

---

अस्थिमाला | मंगळवार, दुपारी ३.४५

तो शोधनिबंध वाचलाय, चांगलाच आहे. पण तुम्ही त्यातलं पुढचं सांगितलं नाहीत. त्यांना पायात वाहिनी सापडली नाही. मांडीच्या आणि नडगीच्या खोल पडद्यांत जाणारे एका ठरावीक जातीचे मज्जातंतू सापडले. पोटाच्या त्या भागात ते नाहीत, म्हणून तिथे परिणाम नाही. जागेला अर्थ आहे, मान्य. तो अर्थ मज्जातंतू देतात.

मुंग्या खाली पावलाकडे जातात, कारण तुमच्या सुईच्या वाटेवर खोलवर पायाची एक नस आहे. त्यासाठी त्सुसानली जिच्यावर दाखवतात ती जठराची वाहिनी मानायची गरज नाही.

---

गंगापूररोडकर | मंगळवार, दुपारी ४.१०

बरोबर आहे, तंतू सापडले. मी वाहिनीचा हट्ट धरत नाही. पण त्या संशोधकांना त्या जागी बघायला कोणी सुचवलं? या जुन्या वहीनेच ना?

---

अस्थिमाला | मंगळवार, दुपारी ४.३०

हे मान्य करते.

---

त्रिफळा | मंगळवार, रात्री ८.५०

आयुर्वेदाची वैद्य आहे. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली श्वासांची. आपल्याकडे योगग्रंथांत दिवसरात्रीचे श्वास २१,६०० सांगितलेत. मिनिटाला १५ झाले. हा आकडा प्रत्यक्षाच्या जवळ आहे, तरी तोही मोजून आलाय असं मला वाटत नाही. २१,६०० म्हणजे राशिचक्राच्या ३६० अंशांतल्या कलांची संख्या (एका अंशाच्या ६० कला). आकाशात जितक्या कला, तितके शरीरात श्वास. चिनी १३,५०० चंही असंच असावं. पाणवठा, त्या प्रकरणात नक्षत्रांचा काही उल्लेख आहे का?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हल्ली अनेक शिबिरांत सांगतात की अ‍ॅक्युपंक्चरचे बिंदू म्हणजेच आपली मर्मं आणि ही विद्या इथूनच चीनला गेली. कृपा करून असं पसरवू नका. सुश्रुतसंहितेत १०७ मर्मं आहेत, आणि ती सांगितलीत ती शस्त्राने तिथे इजा होऊ नये म्हणून. काही मर्मांना घाव बसला तर माणूस लगेच दगावतो, काहींमुळे काळाने, काहींमुळे पंगू होतो. ज्या जागा वाचवायच्या त्यांची ही यादी आहे. ज्या जागा टोचायच्या त्यांच्या यादीशी ती एक कशी होईल? आपल्याकडे टोचायचं ते शिरावेधात, म्हणजे शीर टोचून रक्त काढण्यात. तुलना करायची तर त्याच्याशी करावी, कारण पाणवठा म्हणतात तसं जुन्या चिनी सुईचंही एक मोठं काम रक्त काढणं हेच होतं. आणि डाग देण्याची तुलना आपल्या अग्निकर्माशी.

दोघांत खरोखर समान काय, तर अंगुलप्रमाण. सुश्रुतही माप ज्याच्या त्याच्या बोटांनी घेतो, त्सुनही तसंच. लहान मूल असो की धिप्पाड पैलवान, त्याची पट्टी त्याच्याच हाताला असते.

---

पाणवठा | मंगळवार, रात्री ९.३०

त्रिफळा, तुम्ही नेमकं हेरलंत! त्याच प्रकरणाची सुरुवात नक्षत्रांनी होते. आकाशात २८ नक्षत्रं, शरीरात २८ वाहिन्या (डाव्या-उजव्या आणि मधल्या धरून), सूर्य नक्षत्रांतून फिरतो तशी छी वाहिन्यांतून फिरते. आधी आकाशाचा हिशेब मांडलाय आणि शरीर त्यात बसवलंय. खडूफळा, तुमच्या साडेनऊचं उत्तर इथे आहे. ११ च्या १२ वाहिन्या का झाल्या याचं कारणही मला इथेच दिसतं, बारा महिने आणि बारा नद्या. 

सानच्याओची गोष्ट तर याहून बोलकी. 'नानचिंग' हा नेइचिंगच्या नंतरचा ग्रंथ. त्यात प्रश्नोत्तरांत स्वच्छ लिहिलंय की या अवयवाला नाव आहे, आकार नाही. त्यांनी ते लपवलं नाही. तरीही त्याची वाहिनी तशीच ठेवली.

अस्थिमाला, "खोटं कोणीच बोलत नाही" हे मी घाईत लिहिलं. तुमचं बरोबर आहे. ग्रंथाने "आकार नाही" असं लिहिण्याचा प्रामाणिकपणा दाखवला, आपण आज निदान तेवढा तरी दाखवायला हवा.

---

सिद्धेश्वर_तळे | बुधवार, सकाळी ६.४५

सोलापूरहून. धागा रात्रभर वाचला. 'चिंग'वर एक सांगू का? आमच्या घरात माझ्या आजोबांपर्यंत हातमाग होता. चिनी शिकणाऱ्या माझ्या भाचीने सांगितलं की चिंग या अक्षराचा मूळ अर्थ मागावरचा ताणा, उभे दोरे. पाणवठा ताई, हे खरं आहे का? खरं असेल तर मला ते चित्र लख्ख दिसतं. ताणा आधी लावतात, तो हलत नाही, बाणा त्यातून येतो-जातो.

आणि सोलापूरकर म्हणून डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव इथे आलंच पाहिजे. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले. त्यांत आमचे कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर. कोटणीस परत आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला हपेइ प्रांतात त्यांचं निधन झालं, तेव्हा ते ३२ वर्षांचे होते. त्याच पथकातले बंगालचे डॉ. बिजय कुमार बसू पुढे १९५० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. भारतात ही विद्या रुजली ती त्यांच्यामुळे. लुधियान्याचं अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालय कोटणीसांच्या नावाने आहे. कोटणीस स्वतः शल्यविशारद होते, सुयांचे उपचार करत नव्हते, पण त्या ओळखीचं दार त्यांच्या पथकाने उघडलं. आमच्याकडे त्यांच्या घराचं स्मारक आहे, सोलापूरला आलात तर जरूर बघा.

---

पाणवठा | बुधवार, सकाळी ९.१०

भाचीने अगदी खरं सांगितलंय. चिंग म्हणजे ताणा, आणि 'लुओ' म्हणजे जाळं, आडवे धागे. चिनीत या साऱ्याला मिळून 'चिंग-लुओ' म्हणतात, तुमच्या भाषेत ताणाबाणाच. ताण्यावरूनच चिंगचा अर्थ झाला आधारग्रंथ. बौद्ध भिक्षूंनी आपली सूत्रं चिनीत नेली तेव्हा 'सूत्र'साठी त्यांनी हाच शब्द घेतला. सूत म्हणजे दोरा, म्हणून चिंग!

आणि आजच्या चिनीत रेखावृत्तालाही चिंगच लागतो. त्यामुळे सुलिए द मोराँवर मी पहिल्या पोस्टमध्ये थोडा अन्याय केला. त्याने शब्द हवेतून आणला नव्हता. त्याच्या शब्दात ताण्याची रेष राहिली, वाहणारं पाणी मात्र सुटलं. कोटणीसांबद्दल लिहिलंत, फार बरं वाटलं.

---

श्टुटगार्टहून | बुधवार, दुपारी १.२५

मी जर्मनीत आहे. इथल्या आरोग्य विम्यात कंबरदुखी आणि गुडघेदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर २००७ पासून बसतं. त्यामागचा इतिहास या चर्चेला लागू आहे, म्हणून सांगतो.

विमा कंपन्यांनी पैसे द्यायचे की नाही, हे ठरवायला इथे मोठ्या चाचण्या झाल्या. कंबरदुखीच्या एका चाचणीत ११६२ रुग्ण होते. एका गटाला नियमाप्रमाणे बिंदूंवर सुया, दुसऱ्याला मुद्दाम भलत्याच जागी आणि वरवर सुया, तिसऱ्याला नेहमीचे औषधोपचार आणि व्यायाम. सहा महिन्यांनी फरक पडलेले रुग्ण: पहिल्यात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२ टक्के, तिसऱ्यात २७.४ टक्के.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसलो. सुयांनी नेहमीच्या उपचारापेक्षा खूपच जास्त लोकांना बरं वाटलं. आणि सुया तक्त्याप्रमाणे टोचल्या काय, तक्ता सोडून टोचल्या काय, फरक जवळजवळ नाही. विमा मंडळाने पहिली गोष्ट बघून पैसे मंजूर केले. रेषांचा प्रश्न त्यांनी सोडवलाच नाही.

---

गंगापूररोडकर | बुधवार, दुपारी ३.००

हे आकडे माझ्याही बऱ्याच रात्री खाऊन गेलेत. आमच्यातले काही जण म्हणतात की भलत्या जागची सुईसुद्धा सुईच, त्वचेला टोचलं की मज्जातंतू काहीतरी सांगणारच. म्हणजे ते खोटे औषध नव्हे, हलकं औषध झालं. मला यात तथ्य वाटतं. पण हे म्हटलं की तक्त्यातल्या नेमक्या जागेचा आग्रह सैल होतो, हेही मला कबूल करावं लागतं. मी स्वतः आता पूर्वीइतका मिलीमीटर मोजत नाही. दुखऱ्या भागाजवळ, स्नायू दाबून जिथे दुखतो तिथे आणि दूरच्या एक-दोन ठरलेल्या जागी टोचतो.

---

मधुमालती | बुधवार, संध्याकाळी ६.१५

मला सतरा वर्षांपासून अर्धशिशी आहे. महिन्यातून सहा-सात दिवस अंधाऱ्या खोलीत जातात. एका ठिकाणी सांगितलं की पित्ताशयाची वाहिनी अडलीय, २० बैठका घ्या आणि गोळ्या आजपासून बंद करा. हा सगळा धागा वाचून मी गोंधळले आहे. जाऊ की नको?

---

अस्थिमाला | बुधवार, संध्याकाळी ६.४०

मधुमालती, गोळ्या बंद करू नका. हे पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं. रोज घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्या अचानक सोडल्या तर त्रास वाढू शकतो. तुमच्या मेंदूविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही गोळी कमी करू नका.

आता सुयांबद्दल. माझा रेषांवर विश्वास नाही, तरी अर्धशिशीसाठी मी तुम्हाला अडवणार नाही. ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांत, ठरावीक दोन औषधं चालत नसतील तर पाच ते आठ आठवड्यांत दहा बैठकांपर्यंत अ‍ॅक्युपंक्चरचा विचार करावा, असं आहे. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात खऱ्या सुया घेतलेल्या १०० पैकी ५० जणांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आले, खोट्या सुया घेतलेल्यांत १०० पैकी ४१ जणांचे. फरक छोटा आहे, पण आहे.

पाणवठा, तुमच्या आईंसाठी मात्र हे वेगळं आहे. त्या सूचना काढणाऱ्याच ब्रिटिश संस्थेने २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नये असं म्हटलंय. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन, भर तिथेच द्या.

---

गंगापूररोडकर | बुधवार, संध्याकाळी ७.३०

मधुमालती ताई, गोळ्या बंद करा सांगणाऱ्याकडे परत जाऊ नका. आमच्या व्यवसायातलं हे सगळ्यात वाईट वागणं आहे.

जिथे जाल तिथे आधी नोंदणी विचारा. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे आणि परिषदही आहे, नोंदणी क्रमांक मागायचा तुम्हाला हक्क आहे. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे आणि वापरलेली सुई तुमच्यासमोर डब्यात गेली पाहिजे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी सांगा. छाती, खांदा, पाठीचा वरचा भाग इथे खोल सुई लागली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. हे क्वचित होतं, पण होतं. टोचून घेतल्यावर दम लागला, छातीत कळ आली तर "छी फिरतेय" असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका, थेट रुग्णालयात जा.

आणि २० बैठकांचे पैसे आगाऊ देऊ नका. डोकेदुखीची रोजनिशी ठेवा. सहा-आठ बैठकांत दिवस कमी झाले नाहीत तर थांबा. मी माझ्या रुग्णांनाही हेच सांगतो.

---

मधुमालती | बुधवार, रात्री ८.०५

दोघांचेही मनापासून आभार. गोळी आत्ताच घेतली. रोजनिशी आजपासून सुरू करते.

---

खडूफळा | गुरुवार, सकाळी ८.२०

माझ्या मामांनी सांगितलेलं की एका अमेरिकन पत्रकाराचं चीनमध्ये भूल न देता, नुसत्या सुयांवर अपेंडिक्सचं ऑपरेशन केलं आणि त्यावरून जगाला अ‍ॅक्युपंक्चर कळलं. हे खरं का?

---

पाणवठा | गुरुवार, सकाळी १०.००

अर्धं खरं. जेम्स रेस्टन, न्यूयॉर्क टाइम्सचे. १९७१ च्या जुलैत पेइचिंगमध्ये त्यांचं अपेंडिक्स काढलं, ते नेहमीची भुलीची इंजेक्शनं देऊनच. सुया टोचल्या त्या दुसऱ्या दिवशी रात्री, पोटात वायू धरून कळा येत होत्या म्हणून. त्याबद्दल त्यांनी स्वतःच लिहिलं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला गेले, त्यामुळे गोष्ट जगभर झाली. 'जगाला कळलं' म्हणायचं तर युरोपला ही विद्या त्याआधी जवळजवळ तीनशे वर्षं माहीत होती. जपानमध्ये देजिमा बेटावर राहिलेल्या विलेम तेन ऱ्हाइन या डच वैद्याने १६८३ मध्ये त्यावर लॅटिनमध्ये पुस्तक काढलं होतं.

---

पाणवठा | गुरुवार, रात्री ९.१५

आज आईला सगळा धागा वाचून दाखवला, तिला दोन तास लागले ऐकायला. कोटणीसांच्या भागाला तिने मला थांबवून पुन्हा वाचायला लावलं. तिच्या शाळेत त्यांचा धडा होता म्हणे.

मग म्हणाली, "म्हणजे रेघ नाहीये, पण टोचल्यावर बरं वाटतं तेही खरं आहे." मी हो म्हटलं. तिच्या सहा बैठका झाल्यात. जिना उतरताना अजून दुखतं, रात्री झोप मात्र लागते. अस्थिमाला, तुम्ही सांगितलेलं वाचल्यावर तिने ठरवलंय की ठरलेल्या दहा पुऱ्या करायच्या, पुढे नाही, आणि खुर्चीत बसून मांडीचे व्यायाम रोज दोनदा. आज संध्याकाळचे झालेसुद्धा.

त्रिफळा, सुश्रुताचा मर्मांचा भाग नेमका कुठे सापडेल? अंगुलप्रमाण आणि त्सुन शेजारी ठेवून वाचायचंय.

---

त्रिफळा | गुरुवार, रात्री ९.५०

शारीरस्थान, सहावा अध्याय. शिरावेध आठव्यात आहे, तोही सोबत वाचा. आजींना नमस्कार सांगा.